दुखेलबाईंचा निबंध

आमच्या काकूने इंग्रजीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका टराटरा फाडली आणि पर्यवेक्षकाच्या तोंडावर फेकली, ही बातमी मला कोपऱ्यावरच्या न्हावीदादांच्या दुकानात कळली. मी बाबांना जेवायला बोलवायला गेले होते. न्हावीदादांची एक खोड आहे. महत्त्वाचा शब्द आला की त्यांची कात्री हवेतच चालते. "तुमच्या वहिनी म्हणे," कच् कच्, "भर परीक्षेत उभ्या राहिल्या," कच् कच्, "आणि फाडलीच!" कच् कच् कच्. बाबांचं अर्धं डोकं कापून झालं होतं, अर्धं बाकी होतं. त्यामुळे त्यांना उठूनही जाता येईना. ते आरशातल्या न्हावीदादांकडे बघत नुसते "हो का? हो का?" करत बसले.

संध्याकाळपर्यंत या गोष्टीला पाय फुटले. औषधांच्या दुकानात ती गेली तेव्हा काकूने पर्यवेक्षकाची कॉलर धरली होती. जिन्यात ती वर चढली तेव्हा पोलीस आले होते. जेवताना मी सगळ्या आवृत्त्या एकापाठोपाठ एक करून दाखवल्या, कात्रीसकट. सगळ्यात जास्त कोण हसलं असेल तर काकू. डोळे पुसत म्हणते कशी, "मग मला सोडवून कोणी आणलं ते नाही का सांगितलं?"

"होईल, तेही येईल कानावर," काका म्हणाले. काका बेकरीत भट्टीवर असतात. पाव असो की माणूस, वेळ दिला की होतं, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर 'होईल'पासून सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं.

आता खरं काय झालं ते सांगते. मला ते काकूच्या तोंडून मिळालंय. पर्यवेक्षकाच्या बुटांचा आवाज तेवढा मी पदरचा घातलाय.

निबंधाचा प्रश्न होता: मुलांना शिस्त लावायची तर धाक हवाच. तुम्ही सहमत आहात का? कारणे द्या. काकूने तो वाचला. पुन्हा वाचला. मग हात वर केला. पर्यवेक्षक कुर्रर् कुर्रर् बूट वाजवत आले.

"पाणी हवंय का बाई?"

"नको. हा प्रश्न कुणी काढलाय?"

"अं?"

"ज्यांनी काढला ते आहेत का इथे? मला दोनच मिनिटं बोलायचंय त्यांच्याशी."

जन्मात कुणी न विचारलेला प्रश्न आला की माणूस सुचेल ते बोलतो. पर्यवेक्षक म्हणाले, "ते... ते वर असतात." काकूने छताकडे पाहिलं. मग तिने निबंधाच्या जागेवर 'वर' असणाऱ्या त्या गृहस्थांना उद्देशून लिहायला घेतलं. साहेब, तुमचा प्रश्न चुकलाय. धाक घातलेलं मूल हात पुढे करत नाही, मागे ओढतं, हे मी रोज बघते. तुम्हाला लहानपणी कुणी धाक घातला होता का? असेल तर मला वाईट वाटतं. तब्येतीची काळजी घ्या.

बस. फाडाफाडी नाही, कॉलर नाही, पोलीस नाहीत. काकूने घंटा झाल्यावर उत्तरपत्रिका दोन्ही हातांनी परत दिली आणि ती नापास झाली.

आता ही काकू कोण, ते सांगायला हवं. ती मोठ्या इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत काम करते. हाड मोडलेला माणूस डॉक्टरांनी तपासला, एक्स-रे निघाला, की तो काकूकडे येतो. पांढऱ्या फरशीची खोली, एक उंच टेबल, बुडबुडे थांबेपर्यंत प्लास्टरची पट्टी भिजवायची ती कोमट पाण्याची बादली आणि कोपरापर्यंत पांढरी झालेली काकू. घरी आली तरी तिच्या नखांच्या कडांना पांढरं असतंच. आई म्हणते, "जाऊबाई, तुम्ही पीठ मळायला घेतलंत की मला भीतीच वाटते, हात बाहेर येतील की तिथेच घट्ट बसतील."

इस्पितळात तिला दुखेलबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला माहीत आहे. कारण असं, की तिच्या टेबलावर बसलेला प्रत्येक माणूस एकच गोष्ट विचारतो, "दुखेल का?" आणि इतर सगळे जण सांगतात, छे छे, मुळीच नाही, मुंगी चावल्यासारखं. काकू सांगते, "दुखेल. थोडं. दुखायच्या आधी मी सांगेन." मी हे वाक्य अगदी हुबेहूब करते. मान किंचित डावीकडे, आवाज खाली, 'थोडं'नंतर एक श्वास. शाळेत अर्ध्या वर्गाला येतं आता ते. गणिताचा पेपर वाटायला लागले की मागच्या बाकावरून हमखास येतं, "दुखेल. थोडं."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग इस्पितळाचं व्यवस्थापन बदललं आणि नवा नियम आला. रुग्णांना हात लावणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याकडे इंग्रजीच्या अमुक एका परीक्षेचं प्रमाणपत्र हवं. नसेल तर कपड्यांच्या कोठारात बदली. कोठार तळघरात आहे. तिथे चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, गाठोडी बांधायची. पगार तोच. काकू नापास झाल्यावर मेट्रनबाईंनी तिला बोलावून सांगितलं. मेट्रनबाईंचा आवाज प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक पायरी चढतो. "नियम माझा नाहीये. मी फक्त कळवतेय. आणि अजून एकदा बसता येईल तुम्हाला. एकदाच!"

"चादरी काय वाईट आहेत?" काका म्हणाले, तिला बरं वाटावं म्हणून.

काकू म्हणाली, "चादर काही विचारत नाही ना हो."

त्या दिवशी काका 'होईल' म्हणाले नाहीत.

बोलण्याची परीक्षा काकूने चुटकीसरशी काढली होती. परगावचे, परदेशचे लोक हाडं मोडून तिच्याकडे येतात. त्यांच्याशी बोलून बोलून तिचं इंग्रजी तयार झालंय. वेडंवाकडं, पण थांबत नाही. वाचनही निघालं. अडलं ते निबंधावर. म्हणून काका तिला शिकवणीच्या सरांकडे घेऊन गेले, आणि मलाही सोबत पाठवलं, कारण माझं व्याकरण बरं आहे आणि मी फुकट आहे.

सरांची शिकवणी एका सायकलच्या दुकानाच्या वर आहे. शिकवताना खालून घंट्या वाजत असतात. सर दिसायला बारीक, पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात इतकी पेनं असतात की ते एका बाजूला कललेले वाटतात. ते बोलतात तेही निबंधासारखंच. "मुद्दा एक, बसा. मुद्दा दोन, चहा घेणार का? समारोप, साखर संपलीय."

काकूचा जुना निबंध ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला नाही, हे मला आवडलं. ते थोडं हसले. मग म्हणाले, "बाई, एक लक्षात ठेवा. परीक्षकाला तुमचं मन नकोय. तुमची वाक्यरचना हवीय."

"पण विचारलंय की, सहमत आहात का."

"विचारलंय. पण त्याला कुठे जाणून घ्यायचंय? बसथांब्यावर कुणी 'काय म्हणता?' विचारलं, तर आपण काय पोटदुखी सांगत बसतो? जी बाजू लिहायला सोपी, ती आपली बाजू. धाक हवा की नको? 'हवा'चे मुद्दे पटापट सुचतात ना? मग आज आपण हवावाले."

"आणि उद्या?"

"उद्या जो प्रश्न येईल त्याचे."

काकूने मान हलवली. तिला शिकायचं होतं. तिला प्लास्टरची खोली हवी होती. ती घरी येऊन बसली, आणि सरांनी दिलेला सरावाचा प्रश्न समोर घेतला: वर्षानुवर्षे एकाच जागी काम करणारा माणूस प्रगती करत नाही. सहमत आहात का?

ती पेन हातात धरून बसली. चहा गार झाला. आई येऊन बघून गेली. काकूने एक वाक्य लिहिलं, खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.

"काकू, अगं, तू थोडीच म्हणतेयस हे? दुसरं कुणीतरी म्हणतंय समज."

"कोण?"

मी उभी राहिले, हनुवटी वर केली आणि मेट्रनबाई झाले. "मी फक्त कळवतेय! एकाच खोलीत इतकी वर्षं! माणसाने पुढे जायला नको का? वर जायला नको का?" प्रत्येक वाक्यागणिक एक पायरी. काकू खो खो हसली आणि हसता हसता लिहायला लागली. मी बोलायची, ती इंग्रजीत उतरवायची. मध्येच मी न्हावीदादा झाले, "पुढे सरका, पुढे सरका," कच् कच्. पान भरलं. मुद्दे झाले, समारोप झाला. सरांनी तो निबंध वाचला आणि खिशातलं लाल पेन काढून वर एवढे मोठे गुण दिले, की मलाच मिळाल्यासारखं वाटलं.

पुढचे काही दिवस आमचा हाच उद्योग. प्रश्न कुठलाही येवो, मी त्या मताचा माणूस होऊन उभी राहायची आणि काकू लिहायची. म्हाताऱ्यांनी वेगळं राहावं? मी वरच्या मजल्यावरचे ताठ भाडेकरू. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय? मी आमच्या मुख्याध्यापिका. मजा यायची. काकूचे गुण चढत होते. फक्त ती जेवायची कमी, आणि जेवताना तिचं लक्ष नसायचं.

मग एका संध्याकाळी ती भांडी घासत होती आणि मी पुसत होते. ती मध्येच थांबली. नळ तसाच वाहत होता.

"मैने, आज मी एका बाईला 'नाही दुखणार' म्हणाले."

मला ती मैना म्हणते, बोललेलं परत बोलते म्हणून.

"मग?"

"बस चालवते ती. घोटा मोडलेला. तिने विचारलं, आणि माझ्या तोंडून गेलंच. पटकन. सोपं वाटलं." तिने नळ बंद केला. "दुखलं तिला. दुखणारच होतं. तिने पाय असा ओढला की ओलं प्लास्टर मधोमध दुमडलं. सगळं काढून पुन्हा करायचं होतं. तर तिने पाय दिलाच नाही गं. पाय टेबलावर होता, माझ्या समोर होता. पण दिला नाही तिने. डॉक्टरांना बोलवावं लागलं."

मी काहीतरी गमतीचं बोलणार होते. न्हावीदादा तोंडाशीच आले होते. पण काकू धुतलेलीच बशी पुन्हा घासत होती, ते बघून गिळून टाकले.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं. "सर, मला जमणार नाही. न पटलेलं मी लिहायला लागले की ते पेनात राहत नाही. हातात उतरतं."

सरांनी चष्मा काढून पुसला. खाली सायकलच्या घंट्या वाजत होत्या. मग ते म्हणाले, "मी माझ्या परीक्षेत लिहिलं होतं, की मुलं मोठी झाली की आईवडिलांची अडचण होते. मुद्दे भराभर सुचले होते. पहिला आलो. घरी आल्यावर आई विचारायला लागली, काय लिहिलंस रे? वाचून दाखव की." त्यांनी चष्मा घातला. "नाही दाखवलं. मुद्दा... जाऊ दे. तुम्ही तुमचंच लिहा, बाई. पण नीट लिहा. 'साहेब, तुमचा प्रश्न चुकलाय' असं नको."

"मग कसं?"

"तेच तर मलाही येत नाही," सर म्हणाले.

घरी येताना मी तिला जिन्यातच गाठलं. परीक्षा दारात आली होती आणि ही बाई सोन्यासारखी चाललेली युक्ती टाकून देत होती.

"काकू, तुला न पटणारा प्रश्न येणार. येणारच. ते मुद्दाम तसेच काढतात. तू चिडणार, हात वर करणार, 'वर' कुणाला तरी पत्र लिहिणार."

"नाही करणार."

"करणार. पैज?"

ती एका पायरीवर, मी दोन पायऱ्या खाली. तिने वरून माझ्याकडे पाहिलं. "लाव. मी मला पटतं तेच लिहीन आणि पास होईन."

"नाही झालीस, तर शाळेच्या कार्यक्रमात मी तुझा ॲप्रन घालून दुखेलबाई करणार. तुला पहिल्या रांगेत बसून बघावं लागेल."

"आणि झाले, तर तू एक सुट्टीची सकाळ माझ्या खोलीत बसायचंस. जो विचारेल, दुखेल का, त्याला तू उत्तर द्यायचंस. खरं. आणि तुझ्या आवाजात. माझा आवाज काढायचा नाही, कात्री नाही, मेट्रनबाई नाहीत."

मी टाळी दिली. दिल्यावर लक्षात आलं की ही असली पैज आहे, जी जिंकले तर मला ढसाढसा रडावं लागेल. पण टाळी दिली होती.

मग एका शनिवारी काकू डबा विसरून गेली आणि मी तो पोचवायला गेले. प्लास्टरच्या खोलीत एक आजी टेबलावर बसल्या होत्या. इस्पितळाच्या फाटकाजवळ त्यांचं फुलांचं दुकान आहे. आपणच सांडलेल्या पाण्यावरून घसरून मनगटावर पडल्या होत्या. एक्स-रे भिंतीवर लावलेला होता, पण आजी त्याच्याकडे बघायलाच तयार नव्हत्या.

"मोडलाबिडला काही नाही. मुरगळलाय. हे तुमचं पांढरं नको मला. माझं दुकान आहे!"

मी दारातच थांबले. मला वाटलं, आता काकू एक्स-रेकडे बोट दाखवणार. पण तिने तिकडे पाहिलंही नाही.

"मुरगळल्यासारखंच वाटतं ते," काकू म्हणाली. "बोटं हलतात ना? मग मोडला कसा म्हणायचा."

"तेच म्हणतेय मी केव्हाची!"

"बरोबर आहे. बोटं हलतात, हे खरंच आहे." बोलता बोलता काकूने आपला तळहात आजींच्या हाताखाली सरकवला होता. ओढला नाही, सरळ केला नाही. हात जसा वाकडा आला होता तसाच धरला. "आता जरा माझ्या हातावर सोडा. पूर्ण सोडा. घाबरू नका, मी घेतलंय वजन. हं. हलकं वाटतंय?"

"वाटतंय बाई."

"मग इतका वेळ कोण उचलत होतं?"

आजी दारातल्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"तुमचा दुसरा हात, आजी. आल्यापासून तो तुम्ही सोडलाच नाहीत. मुरगळलेल्या हाताला इतकं कुणी जपून धरत नाही."

आजींनी आपल्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच भिंतीवरच्या एक्स-रेकडे. मग अगदी बारीक आवाजात, "दुखेल का गं?"

"दुखेल. थोडं. दुखायच्या आधी मी सांगेन. कुठल्या कुशीवर झोपता?"

"अगं बाई, ते कशाला?"

"त्याप्रमाणे कोपर ठेवते. नाहीतर झोप येणार नाही."

संध्याकाळी मी घरी हे सगळं करून दाखवलं. आजी मी झकास करते, हनुवटी पुढे काढून. काका हसत होते, आई हसत होती. मग मी काकू केली. वजन घेतलंय. हं. हलकं वाटतंय? हसणं थांबलं ते फक्त काकूचं.

"मी असं बोलते?"

"अगदी असंच."

"परत कर बरं."

मी परत केलं. ती पुढे वाकून ऐकत होती. लोक आरशात केस बघतात तशी.

"परत."

"काकू, पुरे की आता!"

"अगं, मी त्यांना चूक म्हणालेच नाही कुठे."

"नाही म्हणालीस."

"मोडलाय, असंही मी म्हणाले नाही. त्यांनीच बघितलं." ती उठली, टेबलावरचा पसारा बाजूला केला आणि पेन घेतलं. "ती धाकवाली माझी प्रश्नपत्रिका कुठेय? आण. आणि तू बस समोर. मेट्रन होऊ नकोस. नुसती बस."

काकूने जुना निबंध पुन्हा लिहिला. या वेळी सुरुवातीला साहेब चुकलेले नव्हते. सुरुवात अशी होती, की धाक घातला की मूल ताबडतोब गप्प बसतं, हे खरं आहे, मी पाहिलं आहे, आणि दमलेल्या आईला तेवढंही पुष्कळ वाटतं. मग पुढच्या ओळीत ती विचारत होती, की गप्प बसलेल्या त्या मुलाचे हात कुठे आहेत? पाठीमागे का आहेत? सरांनी तो वाचला तेव्हा लाल पेन काढायचं ते विसरले. "मुद्दे मोजायचे राहिले," म्हणाले, "पुन्हा वाचतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी माझ्याच तोंडाने माझी पैज बुडवत चालले आहे. पण आता काय करणार?

परीक्षेच्या दिवशी काका भट्टीवरून रजा घेऊन आले. हा त्यांच्या आयुष्यातला पहिला प्रकार. आम्ही दोघं परीक्षाकेंद्रासमोरच्या बाकावर बसलो. काका दर थोड्या वेळाने 'होईल' म्हणत होते, पण कुणी काही विचारलेलं नसताना. काकू बाहेर आली. मी धावलेच.

"हात वर केलास?"

"केला."

"काकू! अगं! आणि?"

"तेच होते बुटवाले. मला बघून बिचारे दारातच थबकले. म्हटलं, पाणी द्या."

प्रश्न होता: यंत्रे आल्यामुळे माणसाच्या हातांची गरज उरलेली नाही. सहमत आहात का? काकूला तो मुळीच पटला नव्हता. "आधी यंत्राचं कौतुक केलं," ती म्हणाली. "खरंखुरं. आमचं एक्स-रेचं यंत्र आहेच तसं. मला दिसत नाही ते त्याला दिसतं. प्लास्टर कापायचं यंत्र आहे. केवढा आवाज, पण कातडीला लागत नाही. मी माझ्या तळहातावर फिरवून दाखवते लोकांना. लिहिलं सगळं. मग लिहिलं, हाड कुठे मोडलंय ते यंत्र सांगतं. माणूस कुठल्या कुशीवर झोपतो, ते त्याने अजून कुणाला विचारलेलं नाही."

"आणि समारोप?"

"राहिला," काकू म्हणाली. "घंटा झाली."

आम्ही तिघं चालत घरी आलो. वाटेत न्हावीदादा दुकानाच्या दारात उभे होते. कात्री हातात होती, पण गप्प होती. "झाली?" त्यांनी विचारलं. "लिहून आले," काकू म्हणाली. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

निकाल आला तेव्हा काकू कामावर होती. काकांनी बेकरीतच फोनवर तो पाहिला, आणि पिठाच्या हातांनी, टोपीसकट, थेट इस्पितळ गाठलं. मेट्रनबाईंनी त्यांना प्लास्टरच्या खोलीतलाच माणूस समजून विचारलं, "तुम्ही नवीन का?" निबंधात काकू काठावर पास होती. समारोपाचे गुण कापले असणार, असं सर म्हणाले. मग खिशातलं एक पेन काढून त्यांनी तिला दिलं. लाल नव्हतं, निळं होतं. मेट्रनबाई म्हणाल्या, "मी फक्त कळवतेय, तुमची बदली रद्द!" आणि पहिल्यांदाच वाक्याच्या शेवटी एक पायरी उतरल्या. ते मी पुष्कळदा करून बघितलं. अजून जमत नाही.

राहिली पैज.

सुट्टीच्या सकाळी मी प्लास्टरच्या खोलीत स्टुलावर बसले. पहिलेच आले ते गोदामात पोती उचलणारे एक दादा. दाराला पुरून उरतील असे. खांद्यावरून पेटी निसटून हाताचं हाड मोडलं होतं. कपाळावर घाम, आणि नजर सारखी बादलीकडे. काकूने त्यांचा हात जसा होता तसा तळव्यावर घेतला आणि मुद्दाम माझ्याकडे पाठ केली.

दादांनी खोलीभर पाहिलं. मग माझ्याकडे.

"ए पोरी, दुखेल का गं?"

काकूचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मान किंचित डावीकडेही गेली होती. मी ती सरळ केली. घसा खाकरला. आणि जो आवाज निघाला तो मी कधी ऐकलाच नव्हता. बारीक, थोडा चिरका, कुणाचाच नाही असा.

"हो. दुखेल थोडं."

दादांनी मोठा श्वास सोडला. मग दुसरा हात, तो धडधाकट, माझ्या हातात देऊन टाकला. त्याचं वजन केवढं होतं! काकूने मागे वळून पाहिलं नाही. दादांचा मोडलेला हात टेबलावर टेकवून, कोमट पाण्यात पट्टी बुडवत ती म्हणाली, "बुडबुडे थांबले की सांग."

मी दादांचा हात धरून बादलीत बघत राहिले.

"थांबले," मी म्हणाले.